पुन्हा क्युरेटिंग करण्याआधी डॉप्लर

इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये गोव्याची माणसं पावलोपावली, त्यामुळे फोंड्याची बातमी इथे फोंड्याआधी पोचते. चवथीला घरी गेले तेव्हा वहिनीचं काय झालं, हे इथल्या बायका अजून विचारतात. तिला विचारूनच लिहिते आहे.

गर्भपातानंतर क्युरेटिंग झालं, म्हणजे गर्भपिशवी आतून खरवडून साफ केली, तरी वहिनीचं अंगावर जाणं थांबेना. मध्येच एकदम भळभळ. एका डॉक्टरांनी निकाल दिला, आत काही राहिलंय, परत पिशवी साफ करू. दुसऱ्या डॉक्टरबाईंनी मात्र आधी कलर डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणारी सोनोग्राफी, करायला लावलं. मी वहिनीच्या उशाशी उभी होते. करड्या चित्रात पिशवीच्या भिंतीत एकाच जागी लाल, निळे, पिवळे ठिपके नुसते उसळत होते. धमनीतलं रक्त थेट शिरेत पडत होतं. एरवी मधल्या केशवाहिन्या त्याचा जोर मोडतात. त्या नसल्या की मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी अडवणाऱ्या दाराची, फळी तुटून खाडीकाठच्या खाजन शेतात पाणी घुसावं तशी गत. याला एव्हीएम (आर्टेरिओव्हेनस मालफॉर्मेशन), म्हणजे धमनी आणि शिरेची चुकीची जोडणी, म्हणतात. क्वचित जन्मजात, बहुधा गर्भपात, क्युरेटिंग किंवा सिझेरियननंतर झालेलं. तिथे पुन्हा क्युरेट फिरवलं तर रक्त आवरणं कठीण.

मग बीटा एचसीजी, म्हणजे गरोदरपणाच्या हार्मोनची रक्ततपासणी, आणि एमआरआय. गर्भाचा अंश उरला असेल किंवा द्राक्षगर्भ (वारेची द्राक्षांच्या घोसासारखी विकृत वाढ) असेल तरी डॉप्लरवर असंच दिसू शकतं. रक्तस्राव थोडा असेल तर पुष्कळदा नुसतं लक्ष ठेवतात, ते आपोआप जिरतंही. वहिनीचं हिमोग्लोबिन मात्र घसरत चाललं होतं.

"पिशवीच काढून टाका ना!" आई म्हणाली. तिच्या पिढीत दुसरं काही ऐकलेलंच नव्हतं. पण वहिनीला मूल हवं होतं, म्हणून एम्बोलायझेशन ठरलं. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी गर्भाशयाच्या धमनीपर्यंत नेतात, एक्स-रेत दिसणारा डाय सोडून एक्स-रेवर नेमकी जागा बघतात आणि बारीक कण किंवा ग्लू सोडून ती बंद करतात. भूल जागेपुरती, पोटावर टाका नाही. हे काम इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टचं, गायनॅकचं नव्हे. रात्री ओटीपोटात जबर कळा आल्या; येणार हे आधीच सांगितलं होतं, तरी आईने देव पाण्यात घातले. सकाळी वहिनीने पेज मागितली, सोबत तोरांचं लोणचं.

यानंतर दिवस राहून सुखरूप मुलं झालेली आहेत, पण हमी कोणी देत नाही. वारेचा त्रास होऊ शकतो, कधी एम्बोलायझेशन परत करावं लागतं. वहिनीचा नंतरचा डॉप्लर स्वच्छ आला. तुमच्या घरात कुणाचा तासाला एक पॅड भिजत असेल, तर सोनोग्राफीची वेळ घेत बसू नका, सरळ अँब्युलन्सला (गोव्यात १०८) फोन लावा.