आमची वाटचाल : तेल शुद्ध, पण कस राखून

सुरुवातीला आम्ही दुसऱ्यांच्या खाद्यतेल रिफायनरीतल्या यंत्रांची देखभाल करायचो. तिथली रीत ठरलेली. आधी कच्च्या तेलातला गम, म्हणजे फॉस्फोलिपिडांचा चिकट भाग, काढायचा, कॉस्टिक सोड्याने आम्लता मारायची, ब्लिचिंगच्या मातीने रंग उडवायचा आणि शेवटी व्हॅक्यूमखाली 220 ते 260 अंशांवर वाफ सोडून वास घालवायचा. या वाटेवर ई-जीवनसत्त्वाचा काही भाग वाफेबरोबर जातो, कॅरोटीन माती आणि उष्णता मिळून संपवतात. तांदळाच्या कोंड्याच्या तेलातलं ओरायझेनॉल हे उपयुक्त द्रव्य तर कॉस्टिक घालताच बहुतांश सोपस्टॉकमध्ये, म्हणजे वेगळ्या काढल्या जाणाऱ्या साबणी गाळात, उतरतं. तेलाचा कसच घालवायला एवढं इंधन जाळायचं, हे आम्हाला पटेना. मेम्ब्रेनकडे, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून तेल गाळण्याकडे, वळलो ते त्यामुळेच.

गमचा सुटा रेणू जवळजवळ तेलाच्या रेणूएवढाच. नुसत्या आकारावरून दोघांना वेगळं करता येत नाही. पण तेलात गमचे रेणू एकमेकांना धरून पुंजके करतात, आणि ते तेलाच्या रेणूच्या कितीतरी पट मोठे असतात. योग्य छिद्रांचा पडदा लावला की गम अलीकडे राहतो. टोकोफेरॉलचा, म्हणजे ई-जीवनसत्त्वाचा, रेणू जेमतेम 430 डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचं एकक), तो तेलाबरोबर पार होतो. आमच्या पडदे बसवलेल्या मॉड्यूलमधून उतरलेलं सोयाबीन तेल काचेच्या नळीत उजेडासमोर धरलं, तर गढूळपणा गेलेला आणि सोनेरी झाक शाबूत! ते पाहून फार आनंद झाला.

खरी झुंज दाटपणाशी. थंड तेल पडद्यातून सरकता सरकत नाही. हेक्झेन या द्रावकात पातळ केलं तर भराभर गाळलं जातं, पण तसलं ज्वालाग्राही द्रव सांभाळणं छोट्या कारखान्याला झेपत नाही. म्हणून आम्ही तेल गरम करून पडद्याला समांतर, जोराने फिरवतो. पडद्यावर गमचा थर तरीही बसतोच. सिरॅमिक पडदे महाग पडतात, पण कडक धुलाई सोसतात, म्हणून आमचा कल त्यांच्याकडे.

मेम्ब्रेन सगळं करतं, असं आम्ही कुणालाही सांगत नाही. तेलाला आम्लता देणाऱ्या मुक्त मेदाम्लांचे रेणू तेलाच्या रेणूहून लहान, ते पडद्याने अडत नाहीत. कोंडा गिरणीतून बाहेर पडला की त्यातलं लायपेज हे एन्झाइम काही तासांतच आम्लता चढवू लागतं. त्यामुळे चौकशीला आलेल्यांना आम्ही आधी विचारतो, कोंडा लगेच गरम करून स्थिर करता का? आम्लता जास्त असेल तर ती घालवायला पुढे वाफेची पायरी लागतेच. पण गम आधीच निघालेला असल्याने कॉस्टिक टाळता येतं, आणि ओरायझेनॉल बरंचसं तेलातच राहतं.