बसा, पेपर येतोच आहे

तालुक्याच्या गावात काही न करता बसायचं म्हटलं तर जागा मोजक्याच. टपरीवर बसावं तर अर्ध्या तासानं दुसरा चहा सांगावा लागतो. मारुतीच्या पारावर ठरलेली माणसं ठरलेल्या जागी बसतात, नवखा कुणी टेकला की "कुणाचा रं तू?" इथून सुरुवात होते आणि आमच्या मराठवाड्यात या प्रश्नाचं समाधान नुसत्या आडनावावर होत नाही. एसटी स्टँडवर बाकडी आहेत, पण तिथं बसलेला माणूस कुठंतरी निघालेला असलाच पाहिजे. ओळखीचं कुणी दिसलं की विचारणारच, "कुठं निघालात?" कुठंच नाही, हे उत्तर स्टँडवर चालत नाही. राहिलं वाचनालय. तिथं समोर पेपर धरला की माणसाला कुणी काही विचारत नाही. पेपर उलटा धरला असला तरी.

सार्वजनिक वाचनालयाचं गावातलं मोठं काम हेच आहे असं माझं हळूहळू मत बनत गेलंय. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेल्यांना ते पटायचं नाही. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली या शास्त्राचे पाच नियम मांडले. पहिला, पुस्तकं वापरण्यासाठी आहेत. चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. या चौथ्या नियमापाशी आमचं वाचनालय सपशेल नापास होतं, कारण तिथं येणारे निम्मे लोक वेळ घालवायलाच येतात आणि वाचनालय त्यांना त्यात मनापासून मदत करतं.

मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत, खाली दोन खोल्या आणि वर एक पत्र्याचा हॉल. सकाळी कुलूप निघायच्या आधीच चार-पाच जण ओट्यावर असतात. "पेपर आला का?" "बसा, येतोच आहे." पेपर आला की त्याची पानं वेगळी होतात. अग्रलेखाचं पान निवृत्त हेडमास्तरांकडं, बाजारभाव आडत्यांकडं, खेळाचं पान एखाद्या पोराकडं. आडते सोयाबीन आणि कापसाचे भाव स्वतःच ठरवून आलेले असतात, तरी छापलेलं एकदा बघून घेतात. निधनवार्ता मात्र सगळे वाचतात. ते पान टेबलावर पसरून ठेवायचं, हातात धरायचं नाही, असा अलिखित नियम आहे.

उर्दू पेपरही एक येतो. माझ्या लहानपणी तो वाचणारे दोन प्रकारचे होते. एक मोहल्ल्यातले मुसलमान बुजुर्ग, आणि दुसरे निजामाच्या शाळेत शिकलेले आमचे म्हातारे: धोतर, टोपी, कपाळाला बुक्का आणि हातात उर्दू पेपर. बाहेरगावचा पाहुणा हे बघून चक्रावायचा. पण त्यांचं सगळं शिक्षण त्याच भाषेत झालेलं. कचेरीचा कागद उर्दूत, शाळा उर्दूत, आणि हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. आता त्या पिढीतलं कुणी उरलं नाही. मोहल्ल्यातली पोरंही बातम्या मोबाइलवरच बघतात. पेपर मात्र अजून येतो. बंद करायचा विषय मीटिंगमध्ये एकदा निघाला होता, पण कुणी नेटानं लावून धरला नाही. काही गोष्टी बंद न करण्यात गावाचं शहाणपण असतं.

रत्नागिरीत १८२८ साली वाचनालय निघालं, पुण्यात १८४८ साली. आमच्याकडं हे वारं उशिरा पोचलं, कारण मध्ये संस्थानाची सरहद्द होती. सभा भरवायची तर सरकारची परवानगी, त्यासाठी काढलेली 'गश्ती निशाण ५३', म्हणजे त्रेपन्न नंबरचं सरकारी परिपत्रक, जुन्या लोकांच्या तोंडी अजून आहे. मराठी पुस्तकांची चार कपाटं मांडून बसणं हेसुद्धा त्या काळात साधं काम नव्हतं. परभणीचं गणेश वाचनालय, औरंगाबादचं बळवंत वाचनालय ही नावं आमच्याकडं आजही आदरानं घेतली जातात ती त्यामुळंच. पेपर धरून बसलेला माणूस खरंच पेपर वाचतोय का, अशी शंका तेव्हा पोलिसांना यायची. आता ती आम्हाला येते, एवढाच फरक.

पुढं पोलीस कारवाई झाली, १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला. हैदराबाद राज्यानं १९५५ मध्ये ग्रंथालयांचा कायदा केला. वर्षभरात, १ नोव्हेंबर १९५६ ला, आम्ही मुंबई राज्यात आलो. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६७ चा. गंमत अशी की एके काळी ज्यांच्याबरोबर आम्ही एकाच निजामाखाली होतो, त्या तेलंगणात आज घरपट्टीबरोबर ग्रंथालयाचा उपकर वसूल होतो, रुपयामागे आठ पैसे. आमच्या कायद्यात असला उपकर नाही. इथं संस्था गावानं काढायची, अ, ब, क, ड यातला एखादा वर्ग मिळवायचा आणि अनुदानाच्या हप्त्याची वाट बघायची. ड वर्गाला बरीच वर्षं वर्षाला ३० हजार रुपये मिळत. त्यातले निम्मे पगारावर. म्हणजे महिन्याला साडेबाराशे. नंतर रक्कम वाढली, पण वाढूनही ती अशी आहे की बाहेरच्या माणसाला सांगताना आवाज आपोआप खाली येतो. मोंढ्यातला हमाल महिन्याभराचा हा पगार दोन-तीन दिवसांत कमावतो, आणि त्याला दाखल रजिस्टर लिहावं लागत नाही.

२०१२ मध्ये महसूल खात्यानं राज्यातल्या सगळ्या वाचनालयांची पडताळणी केली, तेव्हा काही वाचनालयं नुसती कागदावरच असल्याचं निघालं. आमचं जागेवर होतं. तपासायला आलेल्या साहेबांनी पुस्तकं मोजायला घेतली, दुसऱ्या कपाटाशी एक जुनी रहस्यकथा हाती लागली आणि उरलेली मोजणी तलाठ्यावर सोडून ते खुर्चीत बसले. जाताना पुस्तक मागायला संकोचले. मामांनीच ते पिशवीत घालून दिलं आणि रजिस्टरला सही घेतली.

हे मामा म्हणजे आमचे ग्रंथपाल. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं; त्यांच्या सख्ख्या भाच्याला त्यामुळं फारच अडचण व्हायची. कायम स्वच्छ पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, एक निळं, एक लाल. लाल पेन फक्त थकबाकीदारांसाठी. पुस्तकावर शिक्का पहिल्या पानावर असतो हे सगळ्यांना माहीत असतं. आतल्या एका ठराविक पानावरही असतो, आणि तो आकडा वाचनालयाबाहेर कुणाला सांगत नाहीत. एकदा रद्दीच्या दुकानात एक कादंबरी दिसली, पहिली पानं व्यवस्थित फाडलेली. दुकानदार म्हणाला, "मामा, ही तुमची कशावरून?" मामांनी शांतपणे मधलं पान उघडून त्याच्यासमोर धरलं. तो काही बोलला नाही. कादंबरी परत आली. विकणारा कोण होता हे मामांना कळलं असावं, कारण त्यानंतर एका प्रतिष्ठित सभासदाला ते पुस्तक देताना जरा जास्तच अदबीनं बोलू लागले.

पण मामांची खरी हुशारी मला घरात दिसायची. माझी आई भरपूर वाचायची आणि वाचनालयाची पायरी तिनं कधी चढली नाही. आमच्या गल्लीतल्या कुठल्याच बाईनं त्या काळी चढली नव्हती. तरी सगळ्यांची कार्डं होती. नवऱ्याच्या नावावर, दिराच्या नावावर, शाळेत जाणाऱ्या पोराच्या हाती. मी त्यातलाच एक हमाल. किराणा दुकानाच्या पावतीमागं आई लिहून द्यायची: 'रडकं नको. मागचं अर्धं ठेवलं.' किंवा 'पाहुणे आहेत, पातळ द्या.' मामा चिठ्ठी वाचायचे, चष्मा वर करायचे आणि आतल्या कपाटाकडं जायचे. कोणत्या घरात काय चालतं, कुठल्या सासूला सुनेच्या हातातली कादंबरी खपत नाही आणि मग वरती एखादी पोथी ठेवून पाठवावी लागते, हे त्यांना ठाऊक होतं. न पाहिलेल्या पन्नासेक बायकांची आवडनिवड या माणसाच्या डोक्यात होती.

एका कादंबरीची शेवटची पानं गेलेली होती. आईनं ती रागानं परत पाठवली: 'शेवट नाही.' आठवड्यानं मामांनी तीच कादंबरी परत माझ्या हाती दिली. मागच्या पुठ्ठ्याला आतून एक कोरा कागद चिकटवलेला, त्यावर निळ्या पेननं, ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: 'पुढे ती माहेराहून परत येते. नवरा माफी मागतो. पण तिने नोकरी धरलेली असते व ती सोडत नाही. समाप्त.' आईनं चुलीपुढं बसून ते वाचलं आणि म्हणाली, "शेवट बरा केलाय मामांनी." मूळ शेवट काय होता, कोण जाणे. मला तर दाट संशय आहे की ती नोकरी मामांनी आपल्या पदरची दिली.

बुधवारी आमच्याकडं आठवडी बाजार. त्या दिवशीची माणसं वेगळी. खेड्यावरून आलेला शेतकरी बाजार आटोपून एसटीच्या वेळेपर्यंत ओट्यावर टेकतो. पीकविम्याचा अर्ज, वारसाच्या नोंदीचा कागद, बँकेची नोटीस, असलं काही पिशवीतून निघतं. "मामा, हे काय म्हणायलेत बघा बरं." मामा वाचून दाखवायचे, अर्ज भरून द्यायचे, खाली 'अर्जदाराची सही' या जागी बोटाची खूण करून दाखवायचे. पैसे घ्यायचे नाहीत. आज हे काम त्यांच्या जागी आलेली ताई करते, मोबाइलवर, आणि ओटीपी आला की ओट्यावरच्या माणसाला मोठ्यानं विचारावा लागतो. बायका माठातलं पाणी पितात. मार्च उलटला आणि नळाला दहा-दहा दिवस पाणी येईना झालं की या माठाचं महत्त्व पुस्तकांच्या वर जातं. पाण्यासाठी आत आलेली बाई एखाद्या दिवशी भिंतीवरचं मासिक चाळते, पोराला चित्रं दाखवते. सभासदांच्या आकड्यात ती कुठंच येत नाही.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत वरच्या हॉलचा ताबा अभ्यास करणाऱ्या पोरांनी घेतलाय. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. गावात खाजगी अभ्यासिका चार निघाल्यात, एसी, वायफाय, प्रत्येकाला फळ्या मारून केलेलं खुराडं. महिन्याचे पैसे मोजता येतात ते तिकडं जातात. बाकीचे आमच्या पत्र्याखाली. सकाळच्या पहिल्या एसटीनं खेड्यांवरून त्यांचे डबे येतात आणि वाचनालयाच्या ओट्यावर ओळीनं मांडले जातात. प्रत्येक झाकणावर ऑइल पेंटनं नाव. दुपारी एकला जिन्यात भाकरी आणि ठेच्याचा असा काही वास सुटतो की अग्रलेखाच्या पानात हेडमास्तरांचं लक्ष राहत नाही.

पोरांसाठी टेबलं हवीत म्हणून कथा-कादंबऱ्यांची कपाटं जिन्याखाली सरकवली. मला ते आवडलेलं नाही. तिथं उजेड कमी, खालच्या कप्प्यातलं पुस्तक काढायचं तर उकिडवं बसावं लागतं, आणि टेबलांवर जिकडंतिकडं चालू घडामोडींचे गठ्ठे. यातले किती जण आयुष्यात कधी एखादी कविता वाचतील, असं कुरकुरत मी एकदा वर गेलो. खिडकीच्या बाजूच्या टेबलांवर सगळ्या मुली. सुट्टीचा दिवस होता, संध्याकाळचे सहा वाजून गेलेले. एकीला घरून फोन आला. "कुठंयस?" "वाचनालयात." बस्स, फोन बंद. पुढचा प्रश्न नाही, सोबत कोण आहे ते नाही, कधी येणार ते नाही. आमच्या गावात वयात आलेल्या पोरीनं एका शब्दात उत्तर देऊन सुटावं अशा जागा किती आहेत, याचा मी जिना उतरता उतरता हिशेब केला, आणि कपाटांबद्दलची तक्रार त्या मीटिंगमध्ये मांडली नाही. तिच्या टेबलावरचं पुस्तक अंकगणिताचं होतं, पण वाचनालय नसतं तर तेवढ्यासाठी तिला कुणी संध्याकाळी सातपर्यंत बाहेर बसू दिलं नसतं.

उजेडाचं मात्र मी सोडलेलं नाही. जिन्याखाली एक ट्यूब लावा म्हणून लेखी अर्ज दिलाय. समितीनं तो तत्त्वतः मंजूर केला. अनुदानाचा हप्ता आला की बघू, असा शेरा आहे.

तोवर दिवाळी अंकांवर भागवतोय. १९०९ साली मराठीत पहिला दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून सण संपला तरी अंक संपत नाहीत, आणि आमच्याकडं तर ते होळीपर्यंत फिरतात. वेगळी वर्गणी भरायची, वहीत नाव लावायचं, चार दिवसांत अंक परत. वही ओट्यावर दोरीनं बांधलेली असते, म्हणजे आपल्या आधी कोण आहे आणि कोण अंक दाबून बसलंय हे सगळ्या गावाला दिसतं. मला हव्या असलेल्या अंकावर सध्या मोंढ्यातले एक आडते बसलेत. काल रस्त्यात भेटले. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "बायको वाचायलीय हो. ती सोडंना, मी काय करू?" आता मामा असते तर त्यांच्या घरी एखादं जाड, न रडणारं पुस्तक पाठवून अंक सोडवून आणला असता. ताईला म्हटलं, तूही बघ काही जमतंय का. ती म्हणाली, "काका, त्यांच्या घरी काय आवडतं?"

मी म्हटलं, पावतीमागं लिहून मागव.