अण्णांचा तळहात

अण्णांची अँजिओग्राफी, म्हणजे नळी घालून हृदयाच्या नसांची तपासणी, मनगटातून करायची ठरली. संभाजीनगरच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी त्यांना मूठ घट्ट आवळायला लावली आणि मनगटाच्या दोन्ही कडा अंगठ्यांनी दाबून धरल्या. "उघडा आता." सत्तर वर्षं मातीत राबलेला तो तळहात चुन्यासारखा पांढरा पडला होता. मग डॉक्टरांनी करंगळीकडचा अंगठा तेवढा उचलला. पाच-सहा सेकंदांत लाली आली, आणि करंगळीपाशी न थांबता पार अंगठ्याच्या टोकापर्यंत गेली.

"हे काय पाहू राह्यले डॉक्टर?" अण्णांनी मला विचारलं.

मनगटातून दोन रोहिण्या, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिन्या, हातात शिरतात, एक अंगठ्याच्या बाजूनं, एक करंगळीच्या. तळहातात त्या कमानीसारख्या एकमेकींना मिळतात. त्यामुळे एकीत नळी घातली तरी दुसरी अख्खा पंजा सांभाळते. सांभाळते ना, तेवढंच डॉक्टर बघत होते.

अण्णांना हे लगेच पटलं. आमच्या मोसंबीच्या ड्रिपला आधी नळीचं टोक दुमडून बांधलेलं असायचं. मधे कचरा अडकला की पुढची झाडं वाळायची. मग अण्णांनी सगळी टोकं पलीकडून एका पाइपाला जोडली आणि त्यातही पाणी सोडलं. "म्हंजे माझ्या हातात आधीपासूनच होतं तं!" स्वतःच्याच हातानं आपली कल्पना चोरल्यासारखा त्यांचा चेहरा.

खरं तर फार मोठ्या लोकांनाही रक्त कालव्यासारखंच वाटायचं. जुन्या रोमन काळातला वैद्य गॅलेन, त्याच्या मते ते यकृतात तयार व्हायचं, शरीरभर जायचं आणि तिथंच मुरायचं, कालव्याच्या टोकाला, टेलच्या वावरात पाणी मुरावं तसं. चौदाशे वर्षं हेच चाललं. इंग्रज डॉक्टर हार्वेनं १६२८ साली साधा गुणाकार मांडला: हृदय दर ठोक्याला इतकं रक्त ढकलतं, तर एवढं रोज नव्यानं येणार कुठून? तेच फिरून येत असणार. पण रोहिणीतलं रक्त नीलेत, म्हणजे हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिनीत, कुठून शिरतं, ते काही त्याला दिसलं नाही. तो १६५७ मध्ये वारला, आणि चारच वर्षांनी इटलीतल्या माल्पिगी या डॉक्टरला बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली या दोघींना जोडणाऱ्या केशवाहिन्या दिसल्या. इतक्या अरुंद, की लाल पेशींना एकामागे एक, अंग चोरून जावं लागतं. मला हार्वेचं उगीच वाईट वाटतं. गणित बरोबर आणि उत्तर बघायला माणूस नाही.

तळहातासारखी दुसऱ्या वाटेची सोय सगळीकडे नसते. डोळ्याच्या पडद्याला रक्त देणारी मुख्य रोहिणी एकटीच. ती तुंबली तर सहसा दुसरी वाट नाही. हृदयात आडवाटा असतात, पण बारीक. नस हळूहळू अरुंद झाली तर त्या रुंदावतात, एकदम बंद पडली तर तेवढी सवडच मिळत नाही. अण्णांची एक नस वर्षानुवर्षं बुजत आली होती आणि शेजारच्या फांद्या गुपचूप तिचं काम ओढत होत्या.

आता गोळ्या चालू आहेत. भेटायला येणाऱ्याला चहाआधी मूठ आवळावी लागते. काल पोस्टमन सापडला. "उघड आता," म्हणत अण्णांनी करंगळीकडचा अंगठा उचलला, एक, दोन, तीन मोजायला लागले, आणि तेवढ्यात लाईट आली. पोस्टमनचा हात तसाच हवेत सोडून अण्णा मोटारीकडे.