पाला टाक आधी

म्युनिकला येऊन मला तीन वर्षं होतील. आमच्या ऑफिसात कॉफीचं मशीन माझ्या टेबलापासून तीसेक पावलांवर आहे आणि त्या तीस पावलांत मी रोज सांडते. शेजारची पोलिश मैत्रीण तेवढाच काठोकाठ कप आणते, तिची बशीसुद्धा कोरडी! ती कॅपुचिनो पिते, मी काळी कॉफी. तिच्या हाताचं कौतुक करण्यात माझे दोन पांढरे कुडते खराब झाले. खरं कौतुक फेसाचं होतं.

कपातल्या पाण्याला डुलायची स्वतःची एक लय असते. कप लहान, म्हणून ते भरभर डुलतं, सेकंदाला तीन-साडेतीन वेळा. भांडं जितकं रुंद, तितकं डुलणं संथ. आपण सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, आणि चाल काही घड्याळासारखी एकसारखी नसते. तिच्यातल्या बारीक हिसक्यांपैकी एखादा कपाच्या लयीला बरोबर सापडतो. झोपाळ्यावरच्या पोराला वेळेवर झोका द्यावा, तसं मग प्रत्येक पाऊल लाटेला ढकलतं. कॅलिफोर्नियातल्या दोघांनी यावर रीतसर प्रयोग केले. सातव्या ते दहाव्या पावलाच्या सुमारास कॉफी बाहेर येते, असं त्यांना दिसलं. २०१२ साली त्यांना त्यासाठी इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचारात पाडणाऱ्या संशोधनाला देतात तो हा पुरस्कार.

मग मी वहीत फूटभर रुंदीच्या बादलीचं गणित मांडलं. उत्तर आलं, सेकंदाला पावणेदोन वेळा. म्हणजे थेट आपल्या चालण्याचीच लय! लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातल्या आमच्या गावात टँकरपासून घरापर्यंत बादली आणताना माझे पाय का भिजायचे, आणि त्यावर मी इतकी बोलणी का खाल्ली, ते इतक्या वर्षांनी कळलं. दोष बादलीचा होता.

आजीच्या डोक्यावरच्या हंड्यातून मात्र थेंब पडायचा नाही. चुंबळ नीट बसवायची, हंडा भरायचा आणि उचलण्याआधी कडुलिंबाची डहाळी मोडून पाण्यावर टाकायची. मला वाटायचं, पाणी गार राहावं म्हणून असेल, नाहीतर काही देवाधर्माचं. विचारलं तर म्हणायची, "पाला टाक आधी, मग उचल. नुसतं पाणी लई नाचतंय गं."

फेस हेच करतो. लाट काठाशी वर चढू लागली की बुडबुडे भांड्याच्या भिंतीला घासतात आणि त्या घासण्यात तिचा जोर जिरतो. २०१५ च्या एका प्रयोगात बुडबुड्यांचे पाचेक थरच पुरेसे ठरले. डहाळी टाकलेलं पाणी पानापानांतून वाट काढताना तसंच दमतं.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी सांडलेल्या ओंजळीचासुद्धा हिशेब व्हायचा. लिंबाला मात्र पाला होता.

परवा ऑफिसच्या किचनमधल्या कुंडीतून इटालियन तुळशीचा शेंडा खुडला आणि काळ्या कॉफीवर ठेवला. तीस पावलं, एक थेंब नाही. पोलिश मैत्रीण बघतच राहिली. कॉफी मात्र मला पिववली नाही.