आडवे वासे दोराने बांधताना

होकुलेआ ही हवाईची जोडहोडी १९७५ साली पाण्यात उतरली. तिचे दोन सांगाडे, म्हणजे शेजारी शेजारी तरंगणारी होडीची दोन धडं, प्लायवूड आणि फायबरग्लासचे, पण त्यांना जोडणारे आडवे वासे (तिकडे इआको म्हणतात) दोरानेच बांधलेले. हवाईतल्या ओआहू बेटावर आम्ही लहान जोडहोडी बांधत होतो तेव्हा मला वाटायचं, स्टेनलेसचे बोल्ट मारले तर काय बिघडतं? बिघडतं. लाटेवर दोन्ही सांगाडे वेगवेगळे उचलले जातात, सगळा पीळ भोकाच्या कडेवर येतो आणि लाकूड तिथूनच चिरतं. दोर जरासा देतो, म्हणून ताण सगळ्या वेढ्यांत वाटला जातो.

बांधायच्या आधी सांगाडे आणि वासे यांच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले. २ सेंमीचा फरक निघाला, तो पाचर ठोकून काढला. बांधल्यावर कळला असता तर सगळंच सोडावं लागलं असतं. मग वासा टेकतो तिथल्या कडा कानशीने गोल केल्या. धारदार कडेवर दोर महिन्याभरात झिजतो.

सांगाड्याच्या पोटात वाए नावाचा वाकडा आधार असतो. दोर त्याच्याखालून येऊन वाशावरून जातो. आम्ही ६ मिमीच्या दोराचे आठ वेढे घेतले, शेजारी शेजारी. एकावर एक चढलेला वेढा पुढे घसरतो नि सांधा ढिला पडतो. दोराचं टोक दांडक्याला गुंडाळून एकाने ओढायचं, दुसऱ्याने मोगरीने वेढा ठोकायचा, ठोकल्यावर सुटलेली ढील पहिल्याने लगेच खेचून घ्यायची. पण खरी घट्टी त्यानंतर, वेढ्यांच्या कमरेभोवती आडवे आवळे घातल्यावर. पहिल्या सांध्याला दोनच घातले, दोन दिवसांत तो कुरकुरायला लागला. चार लागतात. नायलॉनही चुकलं: भिजल्यावर ताणतं. पॉलिएस्टर घेतला.

पूर्वी हे काम आहा करायचा, नारळाच्या सोडणाचा दोर. सोडण कुजवून, कुटून, तंतू मांडीवर वळायचे आणि तीन पदरांची वेणी घालायची. आपला सुंभ पिळाचा. ताणाखाली पीळ उलगडू पाहतो. वेणीला तो त्रास नाही. (सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे मात्र पीळच नको असतो.)

शेवटी वेढा सरकला तर कळावं म्हणून प्रत्येक सांध्यावर वेढ्यांना आडवी एक रेघ मारली. पहिल्या फेरीनंतर पुढच्या उजव्या सांध्यावरची रेघ अर्धा सेंटीमीटर तुटलेली दिसली. तेवढा एकच सोडून पुन्हा बांधला.