पंचवीस जोड्या ओली पावलं

१२ जानेवारी

फोटोग्राफीच्या तिसऱ्या वर्षाच्या मोठ्या कामासाठी सरांनी विषय मोकळा सोडलाय. अट एकच, फोटो राजकीय हवा आणि एकच हवा, मालिका चालणार नाही. वर्गातल्या निम्म्या पोरांनी कांदा धरलाय, नाशिकमध्ये ते साहजिकच आहे. मी काळाराम मंदिराचा सत्याग्रह धरला, अस्पृश्यांना देवळात प्रवेश मिळावा म्हणून झालेला.

२ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसांची मिरवणूक मंदिराकडे गेली. दरवाजे बंद होते, म्हणून ती गंगेकडे (गोदावरीला इथे गंगाच म्हणतात) वळली आणि घाटावर सभा झाली. दरवाज्यांसमोर प्रत्यक्ष बसणं दुसऱ्या दिवशी, ३ मार्चला सुरू झालं. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. हा २५ चा आकडा मी किती वेळा वाचला असेल आणि दर वेळी तिथेच थांबले. आमच्या आजीची आत्या पुढच्या एका तुकडीत बसली होती. मला फोटोत त्या २५ जणी हव्यात.

पहिली कल्पना चपलांची. पहाटे पूर्वेकडच्या दरवाज्यासमोर बायकांच्या चपलांचे २५ जोड, टोकं दाराकडे. देवळाबाहेर चपला रोजच असतात, त्यामुळे बघणारा आधी सहज बघेल आणि मग मोजायला लागेल. घरातल्या आणि शेजारच्या मिळून १४ जोड जमले. गच्चीवर मांडून मोबाइलवर रचना बघितली. आवडली.

१९ जानेवारी

चपला गेल्या.

रविवारी नाशिकरोडला आजीकडे गेले आणि गच्चीवरचे फोटो दाखवले. तिने चष्मा लावून दोनदा बघितले आणि म्हणाली, "अगं, पण तेव्हा आपल्या बायकांच्या पायात चपला कुठं होत्या? आत्या अनवाणी आली होती. तिनं चप्पल घातली ती लग्नानंतर, तीही कधीतरी."

मी आठवडाभर ज्या वस्तूभोवती फिरत होते, ती वस्तू तिथे नव्हतीच. हे इथे सविस्तर लिहिते, कारण मांडणी करून फोटो काढणाऱ्या प्रत्येकाने हे आधी करावं: चौकटीत जे ठेवणार ते त्या माणसांच्या आयुष्यात होतं का, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. मी पुस्तकं वाचली, जुने लेख वाचले, आजीला मात्र विचारलं नव्हतं.

परत येताना बसमध्ये सुचलं की अनवाणी पाय मागे काय ठेवून जातात, तर ठसे. ओले ठसे. दगडावर थोडा वेळ दिसतात आणि वाळून जातात.

२ फेब्रुवारी

गच्चीवरच्या चाचण्या. आमच्याकडे शहाबादी फरशी आहे, म्हणून सुरुवात तिथूनच. कॅमेरा सेकंडहँड निकॉन डी ७२००, सोबत १८-५५ ची साधी लेन्स.

दुपारी चार वाजता फरशी तापलेली असते. बादलीत पाय बुडवून उभी राहिले तर ठसा मिनिटभरही टिकला नाही. कडा आधी वाळतात, मधला भाग उरतो, आणि पायाचा आकार जाऊन नुसता डाग राहतो. सकाळी साडेसहाला तोच ठसा चार मिनिटं नीट दिसला. म्हणजे पहाटच.

दुसरी अडचण पाण्याची. बादलीतून पाय काढला की टाचेखाली डबकं होतं, बोटांमधून ओघळ येतात आणि साडीचा काठ टपकतो तो वेगळाच. तीन दिवस हेच चाललं होतं. शेवटी आईने उपाय काढला. तिने गोणपाट भिजवून पिळलं, घडी करून परातीत ठेवलं आणि म्हणाली, यावर पाय दाब. ठसा असा कोरीव उठला की मी ओरडलेच. पाचही बोटं सुटी, तळव्याची कमान स्पष्ट.

आणि त्यानंतर जे दिसलं त्याने या फोटोवरचा माझा विश्वास पक्का झाला. आईच्या टाचेला भेगा आहेत. ठशात त्या भेगा कोरड्या रेषा म्हणून उमटतात, नकाशावर नद्या दाखवतात तशा. तिच्या जोडव्याजवळ एक बारीक फट राहते. शेजारच्या काकूंचा पाय सपाट आहे, त्यांचा अख्खा तळवा उमटतो. एकाही फोटोत चेहरा नाही, तरी कोणाचा पाय कोणता हे घरात सगळ्यांना ओळखू येत होतं.

९ फेब्रुवारी

प्रकाशाबद्दल. ज्यांना ओला रस्ता, ओला दगड टिपायचा असतो त्यांच्या उपयोगाचं आहे, म्हणून जरा लांबवते.

गंगेवर जाऊन घाटाच्या काळ्या दगडावर चाचण्या केल्या. सूर्य समोर असेल तर ओला भाग आरशासारखा चमकतो आणि ठसे रुपेरी येतात. सूर्य पाठीशी असेल तर तेच ठसे काळे दिसतात. दगडाच्या बारीक छिद्रांत पाणी भरलं की प्रकाश बाहेर परतण्याऐवजी आत जास्त शोषला जातो, म्हणून ओला दगड गडद होतो. चमक ही वरच्या पाण्याच्या थराची असते आणि ती लेन्सवर बसणारा पोलरायझर फिल्टर फिरवून बरीच मारता येते. म्हणजे एकच ठसा रुपेरी करायचा की काळा, हे माझ्या हातात आहे.

रुपेरी ठसे सुंदर दिसतात, लक्ष्मीच्या पावलांसारखे. तेच मला नको आहे. त्या बायका मंगल चिन्ह म्हणून तिथे गेल्या नव्हत्या. मला काळे हवेत, दगडात मुरलेले.

पूर्वेकडचा दरवाजा म्हणजे कॅमेऱ्याचं तोंड पश्चिमेला आणि सूर्य पाठीशी. हिशेब बरोबर बसला असं वाटलं. पण गच्चीवर त्याच दिशेने उभी राहिले तर सूर्य वर येताच माझी आणि घोडीची (कॅमेरा वर लावायच्या शिडीची) लांबलचक सावली थेट ठशांवर. तेव्हा सूर्योदयाच्या आधीची दहा-पंधरा मिनिटंच खरी. मार्चच्या सुरुवातीला इथे पावणेसातच्या पुढे सूर्य उगवतो, म्हणजे ६.३५ ते ६.५० ही माझी वेळ. आभाळाचा मऊ उजेड, सावली नाही, दगड गार. आणि रुपेरी चमक मारायला पोलरायझर.

१५ फेब्रुवारी

सरांना चाचण्या दाखवल्या. त्यांचं म्हणणं, फोटो शांत आहे, पण राजकीय वाटत नाही. एका कोपऱ्यात निळा झेंडा येऊ दे, दार बंद असताना काढ. वर्गातला एक मित्र म्हणाला, २५ बायका कुठे गोळा करतेस, पाच जणींचे ठसे घे आणि बाकीचे संगणकावर उलटसुलट करून लाव, कोणाला कळतंय.

मित्राला मी आर्थर रॉथस्टीनची गोष्ट सांगितली. १९३६ मध्ये अमेरिकेत सरकारी कामासाठी दुष्काळाचे फोटो काढताना त्याने गुराची एक कवटी काही फूट हलवून वेगवेगळ्या जागी टिपली. दुष्काळ खरा होता, कवटीही खरी होती. पण ती हलवली हे बाहेर आलं आणि निवडणुकीच्या त्या वर्षात विरोधकांनी सगळ्या मदतकार्यालाच खोटं म्हणायला सुरुवात केली. माझा फोटो मांडून काढलेला आहे हे मी खाली स्पष्ट लिहिणार आहे. पण कोणी मोजायला बसलं तर ५० पाय खरेच ५० निघाले पाहिजेत. ज्या विषयावर आजही वाद घालायला माणसं तयार असतात, तिथे एक जरी ठसा नकली सापडला तर त्या २५ जणींवरच शंका घेतली जाईल.

झेंड्याबद्दल सरांशी बराच वेळ बोलले. झेंडा मला परका नाही, आमच्या घरावर आहे. पण तो चौकटीत आला की बघणारा अर्ध्या सेकंदात बाजू ठरवतो आणि पुढे जातो. मला त्याला खाली बघायला लावायचंय. सर म्हणाले, करून दाखव.

बंद दाराचं उत्तर मात्र माझ्याकडे नव्हतं.

२२ फेब्रुवारी

दाराचं उत्तर आजीने दिलं, आणि तिला वाटतं तिने काहीच दिलं नाही.

पहाटे दोनदा जाऊन बघून आले. माझ्या वेळेला दार उघडं असतं, काकड आरतीला माणसं येत-जात असतात. बंद दार हवं तर रात्री जावं लागेल आणि मग उजेड नाही. हे आजीला वैतागून सांगत होते तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "उघडं आहे तर उघडं काढ. आता आत जायला कोण अडवतंय? आणि जायचंय कोणाला?"

बाबासाहेबांनी ३ मार्च १९३४ ला या सत्याग्रहातले सहकारी भाऊराव गायकवाड यांना लिहिलेल्या पत्रात सांगितलंय की, अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून त्यांनी ही चळवळ सुरू केली नव्हती, समाज जागा व्हावा, त्याला आपल्या जागेची जाणीव व्हावी म्हणून केली होती. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या घरात देवळाचा प्रश्न उरला नाही.

तेव्हा फोटो असा: दार सताड उघडं, आत दिवा, आणि २५ जोड्या पावलं दारापाशी येऊन थांबलेली. आत एकही नाही. बंद दाराच्या फोटोत सगळा रोख त्या दाराकडे गेला असता. उघड्या दारासमोर बघणाऱ्याला त्या बायकांचा विचार करावाच लागतो.

३ मार्च

काढला.

२ तारखेला अभिवादनाला गर्दी असते, म्हणून ३ ठेवली. बसायला सुरुवात झाली तीही याच तारखेला. काकांच्या पिकअपने दोन फेऱ्यांत बायका आणल्या. वस्तीतल्या, आजीच्या भिशीतल्या, दोघी कॉलेजातल्या. प्रत्येकीला आधीच सांगितलं होतं की फोटो कशाचा आहे, कुठे लागेल आणि चेहरा येणार नाही. एका ताईंनी नोकरीमुळे नाव द्यायला नकार दिला, पाय दिले. यायच्या होत्या २५, आल्या २४. पंचविसावी मी.

रंगाऱ्याची घोडी भाड्याने आणली होती, आठ फुटी. वरच्या पायरीला क्लॅम्पने कॅमेरा, लेन्स १८ वर, एफ ८, आयएसओ ८००. ट्रिगर (दुरून फोटो काढायचं बटण) मैत्रिणीच्या हातात, कारण घोडीला बोट जरी लागलं तरी हलते.

पाय उमटवण्याची पद्धत गच्चीवर ठरली होती. चालत गेलं की प्रत्येकीचे दहा-दहा ठसे पडतात, म्हणून दाराजवळच्या ओळीपासून सुरुवात. ओल्या गोणपाटावरून एक पाऊल पुढे टाकून उभं राहायचं, मग मागे पुन्हा गोणपाटावर यायचं, आणि गोणपाट कॅमेऱ्याकडे सरकवायचं. पाच-पाचच्या पाच ओळी. सरावात हे शाळेच्या कवायतीसारखं सरळ दिसत होतं, ते खटकलं. बसायला आलेल्या बायका अशा आखून उभ्या राहत नाहीत, एकमेकींना टेकून असतात. म्हणून आज सांगितलं, शेजारणीजवळ जाऊन उभ्या राहा, रेघ बघू नका. दोन ठिकाणी पावलं जवळजवळ चिकटली आहेत. तीच मला सगळ्यात आवडतात.

पहिला प्रयत्न फसला. तिसऱ्या ओळीला एक गृहस्थ मधून चालत दर्शनाला गेले, त्यांची चूक नव्हती. फरशी पुसली, वाळायची वाट बघितली. तेवढ्यात दोघा-तिघांनी हे काय चाललंय म्हणून विचारलं. मी एका दमात सांगितलं, १९३०, २५ स्त्रिया, त्यांची आठवण. एक जण काही न बोलता निघून गेले. एका आजोबांनी मात्र कडेला उभं राहून येणाऱ्यांना "दोन मिनिटं थांबा, पोरींचं काम चाललंय" म्हणून थोपवलं.

दुसरा प्रयत्न ६.४३ ला. सगळ्या ओळी पूर्ण व्हायला तीन मिनिटं लागली. आजी आणि मी शेवटच्या, कॅमेऱ्याजवळच्या ओळीत. तिचे गुडघे दुखतात, माझ्या खांद्याला धरून उभी राहिली आणि तशीच मागे आली. १/५ सेकंदाचे अकरा फोटो मिळाले. पहिल्या ओळीच्या कडा वाळायला लागल्या होत्या, शेवटची अजून ओली होती. म्हणजे दाराजवळची पावलं फिकट आणि आपल्याकडे येतील तशी गडद. हे मी ठरवलेलं नव्हतं.

नंतर चार-पाच जणी हात जोडून आत जाऊन आल्या. बाकीच्या घाटावर चहाला गेल्या. आजी पिकअपमध्ये जाऊन बसली.

११ मार्च

निवडलेला फोटो सातवा. त्यावर संगणकाचं काम फार कमी केलं: दिव्याचा पिवळेपणा थोडा उतरवला, फरशीचा उजेड किंचित वाढवला. एकही वस्तू काढली नाही. डावीकडे फुलवालीच्या टोपलीचा कोपरा येतोय, तो तसाच ठेवलाय. ५० ठसे सरांनी माझ्यासमोर पेनाने मोजले आणि झेंड्याचा विषय परत काढला नाही.

आता छपाई. मला शेवटच्या ओळीची पावलं खऱ्या मापाची हवीत, म्हणजे फोटो सुमारे अडीच मीटर रुंद. ६००० पिक्सेल तेवढ्या रुंदीवर पसरले की इंचाला साठच्या आसपास उरतात. दोन मीटरवरून चालतं, जवळ गेलं की मऊ पडतं. फोटोच्या दोन नमुना पट्ट्या छापून आणल्या. चकचकीत कागदावर ओल खरंच ओली वाटते, पण ट्यूबलाइट त्यात दिसते. मॅट कागदावर काळा बसतो आणि टाचेच्या भेगा बुजतात. मॅटसाठी गडद भाग थोडा उचलून तिसरी पट्टी टाकली आहे. कोणी मॅटवर ओला दगड छापला असेल तर काळ्याचा हिशेब कसा ठेवला ते जरूर सांगा.

मॅटची पट्टी आजीकडे नेली होती. तिने ती जमिनीवर अंथरायला लावली, भिंतीला धरून आपल्या ठशावर पाय ठेवला आणि खाली बघितलं. ठसा बोटभर मोठा छापलाय. आधी तिचा पाय मोजून घ्यायला हवा होता. आता मोजलाय, २२ सेंटिमीटर.