वेसण कशाला, असं तुम्ही विचारलंत म्हणून

कर्नाटकी बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाला, गावी येणारे पाहुणे फिरून फिरून एकच विचारतात: “ज्याच्या नाकात दोरी घालता, ज्याला बडवता, त्याच्याच पाया कसे पडता?” यंदा भाची तर सरळ म्हणाली, “मामा, हे पाळणं नाही, कैद आहे. सोडून द्या त्यांना.”

कुठे सोडू? खानापूरच्या वर भीमगडच्या रानात गवे आहेत, पण आमचा बैल काही गव्याच्या वंशातला नाही. त्याचा रानातला पूर्वज आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वीच संपला. युरोपातल्या त्याच्या भाऊबंदांपैकी शेवटची गाय १६२७ मध्ये पोलंडात मेली. सिंधूच्या पश्चिमेला, मेहरगढच्या बाजूला, सुमारे ८००० वर्षांपूर्वी वशिंडाची गुरं माणसाच्या दावणीला आली. आता परत जायला त्यांना रान उरलेलं नाही. भाताचंही तसंच. देवभात, म्हणजे रानात आपोआप उगवणारं भात, पिकलं की दाणा आपोआप गळतो. आम्ही रोहिणीत धूळवाफेवर पेरतो ते भात झोडल्याशिवाय दाणा सोडत नाही, कारण कापणाऱ्यांच्या हाती न गळलेल्या लोंब्याच लागत गेल्या आणि पुढे तेच बी पेरलं गेलं. त्याला आपण लागतो, आपल्याला ते.

हे सगळं खरं आहे. पण तुम्ही वेसणीबद्दल विचारलं होतंत.

हरण्या आमच्याच गाईचं खोंड. मोकळाच वाढला. बांधावर मी भाकरी सोडली की मागून येऊन खांद्यावर तोंड ठेवायचा. अर्धी भाकरी त्याचीच असायची. मग अंगात जोर आला, एकदा माझ्या आईला ढुशी दिली, तेव्हा टोचायचं ठरलं. चिंचेच्या बुंध्याला डोकं आवळून बांधलं. टोचणाऱ्या म्हाताऱ्यानं दोन्ही नाकपुड्यांत बोटं घालून मधला पडदा चाचपला. कूर्चेच्या अलीकडे एक मऊ, पातळ जागा असते, दाभण तिथूनच जावं लागतं. मला म्हणाला, “अण्णा, मान तुम्ही धरा. वळखीचा हात असला की जनावर कमी उसळतंय.” मी धरली. दाभण गेलं तेव्हा तो हंबरला नाही. नाकातून फरकन श्वास सुटला आणि माझ्या बाहीवर रक्ताचे शिंतोडे उडाले. डोळा माझ्याकडेच होता. सुताची दोरी ओवली, हळद-तेल लावलं, शिंगांमागे गाठ मारली.

जखम सुकली. पण भाकरीला तो आला नाही. हात पुढे केला की मान मागे घ्यायचा. त्याच्या ओळखीचा म्हणूनच तर तो हात वापरला होता. कुळवाला जुंपल्यावर हळूहळू जवळ आला. लोक म्हणतात, विसरला. मला तसं वाटत नाही.

तरीही सांगतो, चार-पाचशे किलोचं जनावर रस्त्यात बिथरलं तर ते माणसाच्या ताकदीनं आवरत नाही. वेसण असली की कासऱ्याच्या हलक्या ओढीनं वळतं, नाहीतर पाठीवर काठी पडते. बेळगावला कॉलेजात असताना ही गुलामगिरी आहे म्हणून मीच वडिलांशी भांडायचो. त्या पोराला आज सांगावंसं वाटतं, ट्रॅक्टर आले तशा आपल्या गल्लीतल्या दावणी रिकाम्या झाल्या. ते बैल मोकळे झाले नाहीत रे, बाजारात गेले. तो विचारील, “म्हणून टोचणं बरोबर ठरतं का?” इथे मी अडतो.

आई ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही तोंडात घालत नाही. परसातलं अळू, भोपळा, हातानं लावलेलं तेवढंच खाते. बाकी वर्षभर खातोच, हे ठाऊक आहे म्हणून तर तो दिवस पाळते. माझं पाया पडणं त्याच हिशेबातलं आहे. मी बैलाचं देणं लागतो, आणि बेंदराच्या पोळीनं ते फिटतं असं मी कधीच मानलेलं नाही.

गोठ्यात आता त्याच गाईचं दुसरं खोंड आहे. भाची म्हणते, टोचू नका, म्होरकीवर, म्हणजे नाक न टोचता तोंडाभोवती बांधलेल्या दोरीवर, शिकवा. शेजारी म्हणतात, म्होरकीवर बैल कुळवाला चालतोय व्हय? यंदा म्होरकी घालून त्याला लाकूड ओढायला लावून बघणार आहे. आवरला तर टोचणार नाही. नाही आवरला तर म्हाताऱ्याला बोलवीन, आणि मान मीच धरीन. ते काम गड्यावर सोपवणार नाही.